इंग्लंडांत जूडो कसा रुजला

१९१८ सालच्या जानेवारी महिन्याची २६ वी तारीख. पहिलें महायुद्ध अद्याप संपलें नव्हतें, आणि लंडनच्या दुकानांपुढें अन्नासाठीं रांगा लागत होत्या. अशा त्या दिवसांत लोअर ग्रॉव्हनर प्लेस या रस्त्यावरील एका घरांत गुंजी कोइझुमी या जपानी गृहस्थानें एक तालीम उघडली. कोइझुमीचा धंदा जपानी लाखकामाच्या जुन्या वस्तूंचा. परंतु तरुणपणीं स्वदेशीं तो जुजुत्सु शिकला होता. तालमीला त्यानें ‘बुडोक्वाय’, म्हणजे क्षात्रमार्गाची मंडळी, असें नांव दिलें. युरोपांतील जूडोच्या आखाड्यांत ही संस्था सर्वांत जुनी मानली जाते.

तथापि ही विद्या इंग्लंडांत यापूर्वीं वीस वर्षें आलेली होती, आणि तिचा प्रवेश कांहींसा विपरीत दारानें झाला होता. जपानांत राहून आलेला बार्टन-राइट नांवाचा एक इंग्रज इंजिनियर १८९८ सालीं मायदेशीं परतला. त्यानें मुष्टियुद्ध, फ्रेंच लाथाळी, हातांतील काठीचा उपयोग आणि जुजुत्सु यांची एकत्र मोट बांधली, आणि आपल्याच नांवाशीं जपानी शब्दाची सांगड घालून तिला ‘बार्टित्सु’ म्हटलें. कॉनन डॉइलनें १९०३ मध्यें शेरलॉक होम्सला मृत्यूच्या दाढेंतून परत आणला, तो याच विद्येच्या बळावर. मात्र कथेंत तिचें नांव ‘बारित्सु’ असें किंचित् चुकीचें पडलें आहे. कथा अमर झाली. बार्टन-राइटची शाळा १९०२ च्या सुमारास बंदही पडली होती.

या शाळेसाठीं जपानाहून आणविलेल्यांपैकीं युकिओ तानी हा एकोणीस-वीस वर्षांचा तरुण होता. त्याच्या बरोबरीचे दोघे लवकरच स्वदेशीं निघून गेले. तानी मात्र राहिला. शाळा गेल्यावर पोटासाठीं तो गाण्याबजावण्याच्या आणि कसरतींच्या नाटकगृहांतून रंगमंचावर उभा राहूं लागला. ठेंगणी, सडपातळ मूर्ति. समोर प्रेक्षकांतून येईल तो धिप्पाड कामगार, खलाशी किंवा नामांकित मल्ल. ठराविक मिनिटें जो टिकेल त्याला बक्षीस, आणि जो तानीला हरवील त्याला मोठी रक्कम, असें जाहीर आव्हान असे. अट एकच: प्रतिस्पर्ध्यानें जाड कापडाचा आंगरखा घातला पाहिजे. यांत चलाखी होतीच. आंगरखा अंगांत आला कीं तानीला कॉलरीनें गळा आवळतां येई आणि बाही धरून तोल घालवितां येई. उघड्या अंगानें लढण्यास सरावलेल्या मल्लाला तो आंगरखा म्हणजे स्वतःच नेसलेला फांस होता. परंतु केवळ चलाखीवर एवढी वर्षें निभावत नाहींत. जोराला जोर न लावतां समोरच्याचाच जोर त्याच्यावर उलटविण्याचें हें कसब हजारों इंग्रजांनीं प्रथम पाहिलें, तें त्या रंगमंचावर.

विद्या तमाशांत उतरली म्हणजे तिचें पावित्र्य गेलें, असें म्हणण्याची रीत आहे, आणि तानीवरही तो आक्षेप येऊं शकतो. पण त्या तमाशामुळेंच शिकणारे पुढें आले. सादाकाझु उयेनिशी या दुसऱ्या जपानी वस्तादानें लंडनच्या गोल्डन स्क्वेअर भागांत शाळा चालविली. तो मायदेशीं गेल्यावर १९०८ सालीं विल्यम गॅरड आणि त्याची पत्नी ईडिथ यांनीं ती हातीं घेतली.

येथून या इतिहासाला अनपेक्षित वळण लागतें. ईडिथ गॅरड बाईंची उंची पुरती पांच फूटसुद्धां नव्हती. मताधिकारासाठीं झगडणाऱ्या स्त्रियांच्या सभा गुंड उधळून लावीत आणि पोलिसांची धरपकडही निष्ठुर असे. गॅरड बाईंनीं या स्त्रियांना पेच शिकविण्यास आरंभ केला. १९१३ सालीं सरकारनें नवा कायदा केला: अन्नत्याग केलेल्या कैदी स्त्रीला अशक्त होतांच सोडावें, आणि अंगांत बळ येतांच पुन्हां पकडावें. लोकांनीं त्याला ‘मांजर-उंदीर कायदा’ हें नांव ठेवलें. तेव्हां एमेलिन पँकहर्स्ट बाईंच्या रक्षणासाठीं सुमारें तीस स्त्रियांचें एक पथक तयार झालें. त्यांचें शिक्षण गुप्तपणें चाले, आणि झग्याच्या घोळांत त्या मुद्गल लपवून नेत. हे मुद्गल हिंदुस्थानच्या आखाड्यांतून गोऱ्या शिपायांबरोबर विलायतेस गेलेले! १९१४ च्या मार्चमध्यें ग्लासगो येथें व्यासपीठावरच पोलीस आणि हें पथक यांची झटापट झाली. पँकहर्स्ट बाई पकडल्या गेल्याच. पण पेच शिकलेल्या स्त्रिया काय करूं शकतात हें भर सभेंत दिसलें. बुडोक्वायचें दार उघडल्यानंतर अकराच दिवसांनीं, ६ फेब्रुवारी १९१८ रोजीं, तीस वर्षांवरील बहुतेक स्त्रियांना मताधिकार देणारा कायदा झाला. हा केवळ योगायोग. परंतु कोइझुमीच्या तालमींत स्त्रियांना आरंभींच्या काळांतच जागा मिळाली, यास मात्र योगायोग म्हणतां येणार नाहीं.

कोइझुमीनें मुख्य शिक्षक म्हणून बोलाविला तो रंगमंचावरील तानीलाच. दोघेही जुन्या जुजुत्सुचे होते. १९२० च्या जुलैमध्यें प्राध्यापक जिगोरो कानो लंडनला आले. यांनीं १८८२ सालीं टोकिओ येथें कोदोकान ही संस्था काढून जुन्या पेचांतून घातक तेवढे सरावांतून वगळले, मोकळ्या झुंजीस प्राधान्य दिलें, आणि त्या पद्धतीस ‘जूडो’, म्हणजे मृदुतेचा मार्ग, म्हटलें. त्यांच्या भेटीनंतर तानी आणि कोइझुमी यांनीं स्वतःची जुनी पद्धति सोडून जूडो स्वीकारला. कानोंनीं दोघांना काळ्या पट्ट्याची दुसरी पायरी दिली. असंख्य मल्लांना लोळविलेला, चाळिशीच्या उंबरठ्यावरचा वस्ताद परक्या संप्रदायांत खालून दुसऱ्या पायरीवर उभा राहतो, ही गोष्ट लहान नव्हे. आपलें घराणें, आपले राखून ठेवलेले डाव सोडणें कोणत्याही वस्तादाच्या जिवावर येतें. त्या दोघांनीं तें केलें नसतें, तर लंडनची तालीम त्यांच्याबरोबरच संपली असती. आतां तिला क्रम मिळाला, परीक्षा मिळाली, आणि शिष्याला वस्ताद होण्याची वाट मिळाली.

त्याचें फळ लवकरच दिसलें. बुडोक्वायमध्यें शिकलेल्या सेरा मेयर बाई जपानांत गेल्या, आणि १९३५ सालीं तेथें काळा पट्टा मिळविणाऱ्या पहिल्या पाश्चात्य स्त्री ठरल्या. तानीला १९३७ सालीं पक्षाघाताचा झटका आला. पुढें तो आखाड्याच्या कडेला बसून शिकवीत असे. १९५० च्या जानेवारींत तो वारला. तत्पूर्वीं, १९४८ च्या जुलैमध्यें, ब्रिटिश जूडो संघ आणि युरोपीय जूडो संघ हे दोन्ही लंडन येथें स्थापन झाले होते. कोइझुमी १९६५ पर्यंत जगला. जूडो ऑलिंपिकमध्यें प्रथम आला तें १९६४ साल त्याला पाहावयास मिळालें.

त्या वेळीं ऑलिंपिकच्या आखाड्यांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० सालीं न्यूयॉर्क येथें भरली. तींतील सर्वांत हलक्या, ४८ किलोच्या गटाचें सुवर्णपदक जेन ब्रिज या इंग्रज तरुणीनें जिंकलें.