वाशीम जिल्ह्यात मोफत गर्भनिरोधक गोळ्या: ऑनलाइन मिळतात का? नाही तर कुठे मिळतात?

'गर्भनिरोधक गोळ्या मोबाईलवरून मागवा, मोफत घरपोच मिळतील' असे कुणी सांगितले, तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतात सरकारच्या मोफत गोळ्या ऑनलाइन औषध दुकानांमार्फत वाटल्या जात नाहीत. ॲपवर मिळणाऱ्या गोळ्या विकतच्या असतात. मोफत गोळ्या मिळण्याची जागा त्याहून बरीच जवळ आहे: गावातले उपकेंद्र किंवा आशाताईंची पिशवी.

मग हा समज येतो कुठून?

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य सेवेतून गर्भनिरोधके 1974 पासून मोफत आहेत. तेथील काही भागांत ऑनलाइन प्रश्नावली भरली की गोळ्या टपालाने घरी येतात आणि त्यांचा खर्च सरकारी सेवा उचलते. तिकडच्या माहितीचे व्हिडिओ इकडे फिरतात, पण ती सोय रिसोड किंवा मानोऱ्याच्या पत्त्यावर चालत नाही.

वाशीम जिल्ह्यात मोफत गोळ्या कुठे मिळतात?

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय ही मोफत गोळ्यांची ठिकाणे आहेत. शहरात राहणाऱ्यांना जिल्हा सामान्य रुग्णालय सोयीचे पडते.

गोळ्या घरपोचही मिळतात, पण ॲपवरून नव्हे. आशा स्वयंसेविकांमार्फत गर्भनिरोधके घरी पोहोचवण्याची केंद्राची योजना 2011 मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. घरी आणून दिल्यास एका पाकिटामागे 1 रुपया घेण्याची तरतूद त्या योजनेत करण्यात आली. केंद्रात जाऊन घेतल्यास पैसे लागत नाहीत.

कोणत्या गोळ्या मिळतात?

*माला-एन:* पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या 5 दिवसांत सुरुवात करून रोज ठरावीक वेळी एक गोळी घ्यायची. पाकीट संपले की दुसऱ्याच दिवशी नवे सुरू करायचे. दुकानात विकत मिळणारी माला-डी याच प्रकारची गोळी आहे.

*छाया:* यात हार्मोन नाही. हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात करून पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी, आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा गोळी घ्यायची. अंगावर दूध पाजणाऱ्या आईलाही ती चालते.

*तातडीची गोळी:* असुरक्षित संबंधानंतर शक्य तितक्या लवकर, 72 तासांच्या आत घ्यायची. जितका उशीर, तितका परिणाम कमी. ही गोळी ऑनलाइन मागवली आणि पार्सलला तीन दिवस लागले, तर उपयोग निघून गेलेला असतो. अशा वेळी उपकेंद्र किंवा जवळचे मेडिकल गाठावे. ही नेहमी घेण्याची गोळी नाही.

आधी तपासणी का करावी?

माला-एन प्रत्येकीला चालत नाही. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त असेल, पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठत असेल, तर ही गोळी टाळतात. वय 35 च्या पुढे असून धूम्रपानाची सवय असेल, किंवा बाळ 6 महिन्यांच्या आतले असून अंगावर पीत असेल, तरीही ती देत नाहीत. क्षयरोगाच्या काही औषधांनी तिचा परिणाम कमी होतो. छायालाही मर्यादा आहेत. कावीळ, यकृताचा आजार किंवा पीसीओएस असेल तर ते आधी सांगावे.

ॲपच्या प्रश्नावलीत रक्तदाबाचा आकडा भरता येतो, पण तो मोजणार कोण? उपकेंद्रातील एएनएमताई तो पाच मिनिटांत मोजून देतात.

गोळी चुकली तर?

माला-एनची एक गोळी राहिली, तर आठवताच ती घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. त्यासाठी एका दिवशी दोन झाल्या तरी चालते. दोन किंवा अधिक राहिल्या, तर एक लगेच घेऊन पाकीट पुढे चालू ठेवावे आणि 7 दिवस निरोधही वापरावा. छाया चुकली तर लगेच घेऊन पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरावा. 7 दिवस किंवा जास्त उशीर झाला असेल, तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.

सोयाबीनची सुगी आटोपल्यावर जी कुटुंबे कामासाठी बाहेरगावी जातात, त्यांची गोळी इथेच चुकते. निघण्यापूर्वी पुढची पाकिटे मागून घ्यावीत. नव्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्यातही गोळ्या मिळू शकतात.

ऑनलाइन काय उपयोगी पडते?

सल्ला. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांशी व्हिडिओवरून मोफत बोलता येते. राज्याची 104 ही आरोग्य हेल्पलाइनही आहे. आशाताई ओळखीच्या असल्याने संकोच वाटतो, ही अनेकींची खरी अडचण असते. त्यांच्यासाठी फोनवरचा सल्ला किंवा तालुक्याचे रुग्णालय हा मार्ग आहे. या गोळ्यांसाठी पतीची सही लागत नाही.

विकत घ्यायच्याच असतील, तर परवाना असलेल्या दुकानातून घ्याव्यात, मुदत पाहावी आणि बिल घ्यावे. पाकिटावर 'विक्रीसाठी नाही' असे छापलेले असताना कुणी पैसे मागत असेल, तर तो सरकारी साठा आहे हे ओळखावे. गर्भपाताच्या गोळ्या ही वेगळी औषधे आहेत. गर्भनिरोधक समजून त्या मागवू नयेत आणि डॉक्टरांशिवाय घेऊ नयेत.

दोन गोष्टी विसरू नयेत

गोळ्यांमुळे एचआयव्ही किंवा इतर लैंगिक आजारांपासून संरक्षण मिळत नाही, त्यासाठी निरोधच लागतो. आणि गोळी सुरू असताना छातीत किंवा पोटरीत तीव्र वेदना, जोराची डोकेदुखी किंवा अंधूक दिसणे असे काही झाले, तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात जावे.