दूरचे यंत्र, घरची पाटी

गणपतीला नात साताऱ्याहून सांगलीला आली, ती कोडे घेऊनच. "आजोबा, मला क्वांटम संगणक शिकायचाय. सुरुवात कुठून करू?"

१९६३ साली मी इथल्या विलिंग्डन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकत होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा 'टिफरॅक' हे आपल्याच लोकांनी बांधलेले गणकयंत्र होते. १९६० साली ते चालू झाले. यंत्र मुंबईत अन् आम्ही कृष्णाकाठी! यंत्राजवळ राहील त्याचीच विद्या, असे मनाशी ठरवून मी तो नाद सोडला. नातीलाही तेच सांगणार होतो. पण आधी या विद्येचा इतिहास वाचला आणि ओशाळलो.

अशा संगणकाची कल्पना फाइनमन यांनी १९८१ साली एका व्याख्यानात मांडली. १९८५ साली डॉइच यांनी तिला गणिती रूप दिले. प्रचंड संख्येचे अवयव झटपट पाडण्याची रीत शोर यांनी १९९४ साली लिहिली, तेव्हा ती चालवील असे यंत्र जगात कुठेच नव्हते! कागद आणि पेन्सिल, एवढ्यावर ही विद्या वाढली. पुढे मे २०१६ मध्ये आयबीएमने पाच क्यूबिटांचे यंत्र इंटरनेटवरून सर्वांना खुले केले.

मग आम्ही पाटी घेतली. साध्या संगणकातील बिट शून्य तरी असतो, नाहीतर एक. क्यूबिट दोन्हींचे मिश्रण असू शकतो. मोजला की मात्र एकच उत्तर देतो. मिश्रण करणाऱ्या क्रियेला हॅडमार्ड म्हणतात. नातीने 'किस्किट'मध्ये चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि क्रिया एकदा करून हजार वेळा मोजले. जवळजवळ निम्मी शून्ये, निम्मे एक.

"हे तर नाणे उडवणे झाले!" मी म्हणालो.

"आता तीच क्रिया दोनदा करते."

हजारही वेळा शून्य! नाणे दोनदा उडवून असे कधी होईल का? पाटीवर उत्तर सापडले : 'एक'कडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एकीला अधिक चिन्ह, दुसरीला उणे, दोन्ही एकमेकींना खोडतात. सारी करामत त्या उण्यात आहे.

हा घरच्या संगणकावरचा नकली प्रयोग होता. दूरच्या खऱ्या यंत्रावर तोच चालवला, तर थोडे चुकार एक घुसलेच. यंत्रे अजून बाल्यात आहेत, ती यामुळेच.

१९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, ते खेड्यातल्या पोरांना विद्या दूर वाटू नये म्हणून. ते साताऱ्याला कळले होते. सांगलीत बसून मला कळायला साठ वर्षे लागली.

नातीला मी एवढेच सांगितले, "बाळ, मॅट्रिक्स आणि काल्पनिक संख्या, इथून सुरुवात कर. यंत्र येईल मागाहून."

ती परतली. पाटी मात्र मी ठेवून घेतली आहे.