६ एप्रिल १९६३ : ‘लुई लुई’चे ध्वनिमुद्रण
अमेरिकेतील पोर्टलंड शहरातल्या ‘द किंग्समेन’ या पोरसवदा रॉक बँडने या दिवशी ‘लुई लुई’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. खर्च फार तर ५० डॉलर. मायक्रोफोन इतका उंच टांगलेला, की गायक जॅक एलीला मान वर करून ओरडावे लागले. त्यात दातांना तारा! एके ठिकाणी तो आधीच गाऊ लागला, तेही तसेच राहिले. वर्षअखेरीस गाणे ‘बिलबोर्ड’च्या यादीत दुसरे आले. तोवर बँडच्या नावाचा हक्क ड्रमवादक लिन ईस्टनकडे गेल्याने एली बाहेर पडला होता. पुढे शब्द अश्लील असल्याच्या तक्रारी आल्या, आणि चक्क एफबीआयने तपास केला. निष्कर्ष? शब्द कळत नाहीत! वास्तविक रिचर्ड बेरीचे हे मूळ गाणे प्रेयसीकडे परतू पाहणाऱ्या खलाशाचे. त्यात वावगे काहीच नाही.