जाड अक्षरांचे मार्दव

जाड अक्षर म्हणजे आरडाओरडा, असे आपण सहज गृहीत धरतो. शिकागोच्या ऑझवल्ड कूपर यांच्या ‘कूपर ब्लॅक’ या टंकाने १९२२ मध्ये हा समज खोटा ठरवला. अंग भरदार, पण प्रत्येक टोक गोलावलेले. सनातनी मुद्रकांनी नाके मुरडली. जाहिरातदारांनी तो डोक्यावर घेतला. पुढे त्याचे इटॅलिक आले, तेही सरळ अक्षर नुसते कलते करून नव्हे, तर स्वतंत्रपणे रेखाटून. कूपर मुळात हाताने अक्षरे काढणारेच होते. मथळ्यात, वेष्टनावर हे इटॅलिक हसरे वाटते. सलग मजकुरात मात्र शाईचे डबके होते. संगणकावर एक कळ दाबून देवनागरी अक्षरे तिरपी ढकलली जातात, तेव्हा आम्हांला त्याची आठवण होते. कलणे हा अक्षराचा स्वभाव असावा लागतो. तो वरून लादता येत नाही.