तळ्याचं पंचांग



विषय वाचून काहींना वाटलं असेल, पोहण्याच्या तळ्याला कसला आलाय इतिहास? पण लंडनच्या हाइड पार्कमधलं सर्पेंटाइन हे तळं घेतलं, तर थंड पाणी म्हणजे काय हे कळायला माणसाला किती काळ लागला, ते एकाच काठावर उभं राहून दिसतं.

सुरुवात मात्र आपल्या विहिरीपासून करू. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले इथे पुष्कळ असतील. (हशा) त्यांना आठवत असेल, वैशाखात तेच पाणी गार लागतं आणि पौषात पहाटे त्यातून वाफा निघतात. पाणी फारसं बदललेलं नसतं, बदललेली असते हवा. जमिनीच्या पोटातलं पाणी ऋतूंची फारशी दखल घेत नाही. उघडं तळं घेतं, पण उशिरा. पाणी तापायला उष्णता खूप लागते आणि निवायलाही वेळ लागतो. त्यामुळे तळ्याचं पंचांग आपल्या पंचांगापेक्षा काही आठवडे मागे चालतं. आपल्याकडे त्यानं फारसं बिघडत नाही. लंडनमध्ये बिघडतं. मे महिन्यात एखाद्या दिवशी तिथली हवा 25 अंशांवर जाते, लोक सदरे काढून हिरवळीवर पडतात, आणि पाणी पुष्कळदा 15 अंशांच्या आसपासच असतं. अंगाला ऊन लागतंय म्हणून माणूस उडी मारतो. फसगत इथेच होते.

हे तळं नैसर्गिक नाही. दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलाइन हिनं 1730 साली वेस्टबोर्न नावाच्या ओढ्यावर बांध घालून ते करवून घेतलं, तेही बागेच्या शोभेसाठी. क्षेत्रफळ सुमारे 40 एकर, खोली जास्तीत जास्त सव्वापाच मीटर. राणीला शोभा हवी होती, लंडनकरांना पाणी हवं होतं. उन्हाळ्यात ते डुंबायला येत, हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावर घसरायला येत. आणि दोन्ही ऋतूंत बुडत.

1774 साली विल्यम हॉज आणि टॉमस कोगन या दोन डॉक्टरांनी बुडालेल्या माणसांना शुद्धीवर आणण्यासाठी एक संस्था काढली. तीच पुढे रॉयल ह्युमेन सोसायटी झाली. तिनं 1794 मध्ये सर्पेंटाइनच्या काठी एक घर बांधलं. बाहेर काढलेल्या माणसाला तिथे आणायचं. ऊन पाण्याचा हौद, गरम बिछाना, डॉक्टर, अशी तयारी असे. थंडीत बर्फावर नजर ठेवायला शिड्या आणि दोर घेतलेली माणसं नेमलेली असत, त्यांना ‘आइसमन’च म्हणत. मला या घराचं फार कौतुक वाटतं. गारठ्यानं माणूस जातो, हे त्यांना कळलं होतं. पण सगळा भर माणूस बाहेर काढल्यानंतरच्या उपायांवर होता. पाण्यात पडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय होतं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

ते किती महागात पडलं, ते बघायला सर्पेंटाइन सोडून थोडं उत्तरेला, रीजंट्स पार्कच्या तळ्यावर जावं लागेल. तेही गोठायचं, तिथेही हीच सोसायटी पहारा ठेवायची. 14 जानेवारी 1867 ला तिथला बर्फ फुटून वीसेक माणसं पाण्यात पडली. सगळी वाचली. एवढं झाल्यावर दुसऱ्या दिवशी लोकांनी घरी बसावं की नाही? नाही बसले. 15 तारखेला पुन्हा शेकडो लोक बर्फावर उतरले, बर्फ फुटला आणि सुमारे 200 जण पाण्यात गेले. 40 दगावले. पाणी होतं 12 फूट, अंगावर जाड लोकरीचे कपडे, पायात स्केट्स, आणि काठ डोळ्यांसमोर. काठावर दोर होते, शिड्या होत्या, आइसमनही होते. पण वेळ नव्हता. त्यानंतर सरकारनं काय केलं? तळं उपसून तळाशी भराव घातला आणि खोली चार फुटांवर आणली. पाणी गरम करता येत नाही, लोक ऐकत नाहीत, तेव्हा उथळ करा! शहाणपणाचा निर्णय होता, असं माझं मत आहे.

आता गंमत बघा. या अपघाताच्या तीनच वर्षं आधी, 1864 मध्ये, सर्पेंटाइनवर एक पोहण्याचा क्लब निघाला होता. बारा महिने पोहायचं, हा त्याचा बाणा. त्यांची नाताळच्या सकाळची 100 यार्डांची शर्यत प्रसिद्ध आहे. ‘पीटर पॅन’ नाटक लिहिणारे जे. एम. बॅरी यांनी 1904 पासून तिला चषक दिला. तेव्हा पाणी बहुधा चार अंशांच्या आतबाहेर असतं. 40 माणसं ज्या पाण्यात गेली, साधारण त्याच पाण्यात ही मंडळी हसत उतरतात! कसं काय? त्यांच्या नियमातच उत्तर आहे. या शर्यतीत कुणालाही उतरता येत नाही. सभासद असावं लागतं आणि त्याच हिवाळ्यातल्या आधीच्या शर्यतींत पोहलेलं असावं लागतं. म्हणजे ऑक्टोबरपासून तळं जसं निवत जातं, तसं त्यांचं शरीर त्याच्याबरोबर खाली उतरत जातं.

सर्वसामान्यांसाठी इथे रीतसर सोय झाली ती 1930 मध्ये. मजूर पक्षाचे मंत्री जॉर्ज लान्सबरी यांनी काठाचा एक भाग पोहण्यासाठी राखून दिला, तोही स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहण्यासाठी. त्यावर बराच गहजब झाला. चर्चा सगळी पोशाखाची आणि सभ्यतेची, पाण्याच्या तपमानाची नाही.

त्याचं शास्त्र यायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. डिसेंबर 1963 मध्ये मदिरा बेटाजवळ लाकोनिया हे प्रवासी जहाज पेटलं. शंभराहून जास्त माणसं गेली. त्यातली कितीतरी अंगात लाइफजॅकेट असताना पाण्यातच मेली, आणि पाणी होतं 18 अंशांच्या आसपास, म्हणजे सर्पेंटाइनचं उन्हाळी पाणी. विल्यम कीटिंग या शरीरशास्त्रज्ञानं या मृत्यूंचा अभ्यास केला. त्याच्या आणि त्याच्यानंतरच्या कामातून क्रम स्पष्ट झाला. एकदम थंड पाण्यात पडलं की आधी आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. मग दोन-तीन मिनिटं धाप आवरत नाही, हृदयावर ताण येतो. त्यातून वाचलात तर हातपाय गार पडून लुळे होतात, पट्टीच्या पोहणाऱ्याचेसुद्धा. शरीर आतून गारठून जीव जायला त्यानंतरही बराच वेळ लागतो. थोडक्यात, पुष्कळ माणसं गारठायच्या आधीच बुडतात. सवय झालेल्याला ती पहिली धाप कमी लागते, एवढाच क्लबवाल्यांचा चमत्कार.

2012 च्या ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचं पोहणं याच तळ्यात झालं. ऑगस्टचा पहिला आठवडा, म्हणजे तिथला ऐन उन्हाळा. तरी जगातले उत्तमोत्तम खेळाडू अंगभर रबरी वेटसूट चढवून उतरले. आणि आज लान्सबरींच्या त्या घाटाचं वेळापत्रक बघितलंत तर मे महिन्यात तो फक्त शनिवार-रविवार उघडा असतो, रोजचा व्हायला जून उजाडतो. क्लबाची मंडळी मात्र जानेवारीतही पहाटे येतात आणि उतरण्याआधी त्या दिवशी पाणी किती अंश आहे, ते पाहून घेतात.