ऑलिंपिकचे वर्ष आणि खाशाबा

ऑलिंपिक दर चार वर्षांनी भरते, हे आपले विद्यार्थी पाठ करतात. मग १९४४ चे सामने कुठे झाले? कुठेच नाही. १९४० चेही झाले नाहीत. महायुद्ध चालू होते. तरी १९४८ चे लंडनचे ऑलिंपिक चौदावे ठरले. वर्षातून १८९६ वजा करा, चाराने भागा, एक मिळवा. वर्गात करून पाहावे. हा क्रमांक सामन्यांचा नाही, चार वर्षांच्या कालखंडाचा आहे. सामने होवोत न होवोत, कालखंड मोजला जातोच. टोकियोचे सामने साथीमुळे २०२१ मध्ये झाले, क्रमांक मात्र २०२० चाच राहिला : बत्तिसावा.

मोजणीला हे सोयीचे आहे. शरीराला नाही.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९२६ साली जन्मले. लंडनला ते बावीस वर्षांचे होते. सर्वांत हलक्या गटात सहावे आले. पुढची संधी थेट चार वर्षांनी. दरम्यान १९५० साली ठरलेले पहिले आशियाई सामने लांबले आणि मार्च १९५१ मध्ये दिल्लीत झाले. घरच्या मैदानावरच्या या सामन्यांत कुस्ती नव्हतीच! ती १९५४ मध्ये, मनिलाला आली. खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात कांस्य जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५६ च्या मेलबर्नआधी गुडघा दुखावला आणि तिसरी संधी गेली. तेव्हा ते तीस वर्षांचे होते.