जात्याची घरघर, भोंगा आणि अम्मीची ओवी

फजरची नमाज झाली की अम्मी जात्यावर बसे. गाई ती मराठी ओवीच. आधी माहेरची, मग सासुरवासाची, मग लेकराची. बाईचा सगळा जन्म त्या पायलीभर दळणात उलगडे.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली एमआयडीसी आली, पुढं भोसरीची माळरानं कारखान्यांनी भरली. पहाट भोंग्यानं होऊ लागली. दळण डब्यातून गिरणीत गेलं आणि ओवी घरातच मुकी झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मावळ-मुळशीसह गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून त्या वाचल्या. अम्मीची ओवी मात्र कुणी टिपली नाही. मी कवी असूनही नाही.

म्हातारपणी अम्मी माझं नावही विसरली. एके सकाळी सूनबाईंनी मिक्सर लावला. त्या घरघरीसरशी अम्मीचा उजवा हात गोल फिरू लागला आणि ओठांवर ओवी आली, माहेरची. लेकराच्या ओवीपर्यंत ती पोचलीच नाही. मिक्सर थांबला होता.

मंडळी, तुमच्या घरी अशी कुणी म्हातारी असेल, तर आज तिच्याजवळ जरा बसा.